जुन्या कठड्यापासून

अक्का, परळीच्या स्टेशनात बाकड्यावर बसलोय. बाकड्यावर नेहमीसारखी वीजकेंद्राची राख. पदरानं झटकून "बस आता" म्हणणारी तू नाहीस, म्हणून रुमालानं मीच पुसलं. गाडीला अजून अवकाश आहे. तुझी वही मांडीवर आहे आणि कुणी ओढून नेईल अशी दोन्ही हातांनी धरून बसलोय.  तू असतीस तर म्हणाली असतीस, "भित्र्या भागूबाई, आधी जेवलास का?" नाही जेवलो.

येत्या बुधवारी तू दिल्लीत समितीपुढं बसणार होतीस. संसदेची समिती, प्रत्येकापुढं माईक, मागं कागदांचे गठ्ठे घेतलेले अधिकारी, आणि त्यांच्यासमोर साक्षीदार म्हणून आपल्या गावच्या महिला दूध संस्थेची सचिव. त्यासाठी तू माजलगावहून नवं पातळ आणलं होतंस. फोनवर रंग सांगताना तीनदा शब्द बदललास, शेवटी म्हणालीस, "वांग्यावानी, पर फिक्कं." ते पातळ मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायका ते तुझ्या अंगावर घालत होत्या. तेरा दिवस झाले. सकाळी दुधाचा कॅन उचलताना तू खाली बसलीस आणि उठलीच नाहीस, एवढंच मला ठाऊक. कोण काय म्हणालं, कुणी पाणी पाजलं, हे लोक सांगतात आणि मी मान हलवतो. ऐकू मात्र येत नाही.

तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय, अक्का. ते आज पुरं करतो. मधी बोलू नको. आता काय बोलणार म्हणा.

ही वही सुरू झाली तेव्हा मी शाळेत होतो. दुष्काळ पडला होता. तहसीलचा एक माणूस गावच्या विहिरीत डोकावला, तळाशी काहीतरी चकाकलं, आणि 'टँकरची गरज नाही' असं लिहून गेला. चकाकलं ते हंडाभर पाणी होतं. तू दिवसभर धुमसत होतीस. दुसऱ्या सोमवारी दोर घेतलास, स्वतःच्या कोपरापासून बोटापर्यंत मोजून हात-हातावर गाठी मारल्यास, टोकाला पितळी गडू बांधलास आणि मला म्हणालीस, "चल. आता डोकावून न्हाई, मोजून सांगू."

मी विहिरीपासून दहा पावलं लांब बसायचो. खोल बघितलं की माझे पाय गळायचे, अजूनही गळतात. एकदा जबरदस्तीनं दाखवलंस तेव्हा मागून माझा सदरा मुठीत घट्ट धरून ठेवला होतास. तरी मी रडलो. त्यानंतर तुझं काम गाठी मोजायचं आणि माझं लिहायचं. तू ओरडायचीस, "बारा हात." मी तसाच ओरडायचो, "बारा हात." मग तू म्हणायचीस, "हां, लिही." त्याशिवाय पेन टेकवायची मुभा नव्हती. ही तुझी दूध डेअरीची रीत. मापणाऱ्यानं आकडा बोलायचा, दूध घालणारीनं तोच परत बोलायचा, मगच वहीत जायचा. "बोलल्याबिगर लिहायचं न्हाई. उद्या कुनी म्हनाया नको, तू परस्पर टाकलं." दुधाच्या वहीच्या पुढच्या पानांवर दूध आणि मागच्या पानांवर पाणी. मी शिकायला औरंगाबादला गेलो, तिथून दिल्लीला. सोमवार तू चुकवला नाहीस. वह्या भरत गेल्या, दर नव्या वहीत तू मागचे आकडे उतरवून घेत गेलीस.

मी दिल्लीत काय करतो हे तुला समजायला तीन वर्षं लागली. गावात तू सांगत होतीस, "आमचा बाळ्या पार्लमेंटात हाय," आणि लोक मला खासदाराचा पीए समजून बदल्यांच्या चिठ्ठ्या देत होते. शेवटी एकदा ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. सभागृहात एखादे सदस्य उभे राहून दोन मिनिटं बोलतात. त्याआधी त्यांचा निरोप आमच्या संशोधन विभागात येतो, अमक्या विषयावर माहिती पाहिजे. आम्ही जुने अहवाल, खात्यांची उत्तरं, जनगणनेची पुस्तकं उपसतो आणि दोन पानांचं टिपण लिहून देतो. आपलं मत घालायचं नाही. मागणारा कुठल्या पक्षाचा ते बघायचं नाही. काय आहे ते लिहायचं, आणि कुठून घेतलं ते लिहायचं.

"आन् चुकीचं गेलं तर?"

"तर चुकीच्या गोष्टीवर चर्चा होते. कधी कायदा होतो."

तू भाकरी मोडता मोडता थांबलीस. "म्हंजे तुमी बी दूधच तपासताव म्हना की." आणि लगेच, "मापटं तेवढं मोठं."

माझ्या कामाचं याहून सरळ वर्णन आमच्या साहेबांनीही कधी केलं नाही. मी हे ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. तुझा केवढा अभिमान वाटला होता मला, तो तुला सांगायचा राहिला.

मग गेल्या पावसाळ्यात तो निरोप आला. एका सदस्य बाईंना विचारायचं होतं की लहान तलावांचं पाणी आधी पिण्याला की आधी उसाला, आणि उपसा सुरू झाल्यावर खालच्या गावांच्या विहिरींचं काय होतं. मी कागद चाळले. सरकारी निरीक्षणाची विहीर आपल्यापासून लांब, तिची मोजणीही वर्षातून मोजक्याच वेळा. आणि मला आठवलं, अरे, दर सोमवारची मोजणी तर माझ्या घरातच आहे! आपल्या तलावावर वरच्या अंगाच्या बागायतदारांनी सहकारी संस्था काढून लिफ्ट, म्हणजे पाणी वर उपसणाऱ्या मोटारी, बसवलेली, पाईप टाकून ऊस केलेला, आणि तलावाच्या खाली आपलं गाव, आपली विहीर, तुझी वही. मी फोन केला. तू प्रत्येक पानाचे दोन-दोन फोटो पाठवलेस, एक हललेला, एक चांगला.

साहेबांनी पानं पाहिली. "ही बाई कोण?"

"माझी सख्खी बहीण, सर."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग दुप्पट तपासा."

"हो सर," म्हणालो. आणि तपासलं नाही. अक्का, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एकदाही तपासलं नाही. सासूच्या दुधात पाणी निघालं म्हणून भर रांगेत कॅन परत देणारी बाई तू. तुझं काय तपासायचं? मी बिनधास्त लिहून टाकलं, की लिफ्टच्या मोटारी सुरू झाल्या त्याच महिन्यात खालच्या विहिरीचं पाणी एकदम दोन हात खाली गेलं. टिपणातलं तेच वाक्य सगळ्यांच्या डोळ्यात भरलं. सभागृहात वाचलं गेलं, मग समितीनं विषय घेतला, मग तुला बोलावणं आलं. गावानं तुला हार घातला.

बोलावणं यायच्या आधी दिवाळी झाली होती आणि दिवाळीला मी गावी आलतो.

विहिरीवर हात धुताना बादलीचा दोर आत कुठंतरी अडकला. तू हसत होतीस, म्हणून मर्दपणा दाखवायला मी डोळे मिटून कठड्यावरून वाकलो आणि आतल्या बाजूनं खोल हात घातला. बोटं खाचेत गेली. एक खाच, शेजारी दुसरी, तिसरी. वर्षानुवर्षं दोर घासून जुन्या दगडाच्या कडेला पडतात तशा गुळगुळीत खाचा. मी डोळे उघडले. त्या कठड्याच्या वरच्या कडेला असायला पाहिजे होत्या. त्या खाली होत्या. त्यांच्यावर नवं बांधकाम.

"अक्का, हा कठडा कधी वाढवला?"

"गंगूमावशीची शेळी पडली न्हवं का आत? तवा. पंचायतीनं वाढवला."

"तेव्हा म्हणजे कधी?"

तू महिना सांगितलास. मोटारी सुरू झाल्या तोच महिना. मी नव्या कठड्यापासून खाचेपर्यंत तुझ्याच गाठीच्या दोरानं मोजलं. दोन हात.

पाणी त्या महिन्यात खाली गेलंच नव्हतं. कठडा वर आला होता. गावातलं कुणीही वरच्या कडेवरून दोर सोडतं, तसा तूही सोडलास. एक दगड पायाखाली घेतलास, कारण तू बुटकी, आणि मोजत राहिलीस. प्रत्येक आकडा बोलून लिहिलेला, प्रत्येक आकडा खरा, फक्त सुरुवात चुकलेली.

तू ऐकून घेतलंस आणि भडकलीस. "म्हंजे मी खोटी?"

"खोटी नाही, चूक झालीय."

"पानी गेलं न्हाई का? सांग की! टँकर माझ्या दारात येतो का तुझ्या सायबाच्या?"

"गेलं, पण हळूहळू गेलंय. मोटारी चालू झाल्या आणि धपकन पडलं, तसं नाही. त्यात बोअर बी असतील. आपल्या लोकांनी बी घेतलेत."

"दोन हातासाठी गावाचा घात करतोस?"

आणि मी गप्प बसलो. आता कबूल करतो, तुला वाटलं तसं मी तुझ्या मायेनं गप्प बसलो नव्हतो. मला साहेबांचा तो टेबलावरचा चष्मा दिसत होता. टिपण जाऊन बसलं होतं, त्यावर माझं नाव होतं, आणि 'हो सर' मीच म्हणालो होतो. म्हटलं, "राहू दे, मी काही बोलत नाही." तू रागानं चुकलीस आणि मी भीतीनं. तुझा राग उतरतो हे मला माहीत होतं. माझी भीती उतरत नाही हे तुलाही माहीत होतं.

पुढं महिनाभर तू फोनवर "जेवलास का" याच्यापुढं गेली नाहीस. मी रोज ऑफिसात दुरुस्तीची चिठ्ठी लिहायचो आणि रोज पुसायचो. बोलावणं आल्यावर तर झोपच उडाली. तू तिथं बसून तेच सांगितलंस तर? समोर लिफ्टच्या संस्थेचा इंजिनिअर असणार. त्यानं एकच विचारलं, 'बाई, कुठून मोजलं?' की संपलं. मग पाणी खोटं, वही खोटी, आणि सगळ्यांदेखत माझी अक्का खोटी. तू जायच्या तीन दिवस आधी मी फोनवर एवढंच म्हणू शकलो, "अक्का, मला लई भीती वाटायलीय." तू म्हणालीस, "तू घाबरू नको. मी बगते." काय बगते, ते विचारायचीही मला भीती वाटली.

दहाव्याला लिफ्टच्या संस्थेचे चेअरमन आले. पांढरे कपडे, हात जोडलेले, डोळ्यात खरंखुरं पाणी. तुला ते मानायचे, खोटं कशाला बोलू. विधी आटोपून माणसं विहिरीवर पाय धुवायला आली तेव्हा ते माझ्याजवळ थांबले. "अक्कानं मोजलं म्हंजे बरोबरच असंल," म्हणाले. "आमाला बी पत्र आलंय. आमी बी येनार हाव." बोलताना त्यांचा हात कठड्यावर होता. बोटातली अंगठी कठड्यावर वाजत होती, टक, टक, नव्या बांधकामावर, अगदी त्याच जागी. त्यांना माहीत होतं का? की माणूस उभ्या-उभ्या हात ठेवतो तसा ठेवला होता? मी अजून ठरवू शकलेलो नाही. 

गंगूमावशी पलीकडून विचारत होती, "बाळू, अक्का न्हाई तरी वही जानार न्हवं? आमचं तळ्याचं पानी ठरनार न्हवं?" मी "हो, हो" म्हणत घरात पळालो.

त्याच दिवशी दाजींनी वही माझ्या हातात दिली. "तुझ्यासाठी ठेवलीय म्हनत होती," एवढंच बोलले आणि गोठ्याकडं गेले. मी मागच्या बाजूनं उघडली.

शेवटची चार पानं लाल शाईत होती.

लाल पेन तू एकाच कामाला काढायचीस, पाणी निघालेलं दूध परत करताना. त्या लाल पेनानं तू कठडा वाढवल्यापासूनचा प्रत्येक सोमवार पुन्हा लिहिला होतास. जुना आकडा, वजा दोन हात, नवा आकडा. एकही सोमवार गाळला नव्हतास. किती संध्याकाळी बसली असशील, अक्का! आणि खाली, तुझ्या त्या मोठ्या, उभ्या अक्षरात: 'कठडा वाढला ते ध्यानात घेतलं नाही. चूक माझी. माझ्या भावानं धरली. गावात बोअर किती झाले ते पण विचारून लिहावे.' खाली सही, आणि सहीखाली दूध संस्थेचा शिक्का. शिक्का कशाला गं मारलास, वेडे?

तेव्हा मी रडलो. पण रडून झाल्यावर काय आलं मनात, ते सांगतो. हे पान फक्त मी पाहिलंय. दाजी वहीत बघत नाहीत. तू नाहीस. नव्या आकड्यांत पाणी खालीच जाताना दिसतं, वर्षामागून वर्षं, पण सावकाश, आणि ते धपकन पडणं कुठं दिसतच नाही. समिती म्हणेल, मग लिफ्टचा दोष कशावरून? तळ्याचं पाणी आधी पिण्याला, ही गोष्ट आपल्या हातून जाईल. गाव म्हणेल, बाळ्यानं बहिणीच्या मागं गाव विकलं. माझी नोकरी राहील की नाही, देवाला ठाऊक. आणि पान फाडायला किती वेळ लागतो?

मी कोपरा चिमटीत धरला होता, अक्का. खरंच धरला होता. बघ, दुमडलेला आहे अजून. सोडला, तो शूर होतो म्हणून नाही. तू 'माझ्या भावानं धरली' असं लिहून शिक्का मारून ठेवलं होतंस. तू भर रांगेत परत दिलेला कॅन घेऊन उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे मला आठवले, आणि मला त्या रांगेत उभं राहायची जास्त भीती वाटली.

साहेबांना फोटो पाठवले, मग फोन केला. कठड्याचं सांगितलं, 'दुप्पट तपासा'चंही सांगितलं. त्यांनी तो महिना दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, "दुरुस्ती आजच पाठवा, तुमच्या नावानं. आणि मूळ वही घेऊन या. चूक झाली म्हणून स्वतः चार पानं लिहून देणारा साक्षीदार मी फार थोड्या वेळा पाहिलाय." मी नोकरीचं विचारलं. "ते नंतर," म्हणाले. म्हणजे काय, ते मला कळलेलं नाही.

दुरुस्ती त्याच दिवशी गेली. राहिलं होतं गाव. आज सोमवार. सकाळी डेअरीवर बायका कॅन घेऊन उभ्या होत्या तेव्हा मी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. पहिल्यांदा कुणाला नीट कळलं नाही, दोनदा सांगावं लागलं. कुणीतरी मागून म्हणालं, "चेअरमननं चहा पाजला वाटतं याला." एकजण कॅन उचलून निघूनच गेली. मी जमिनीकडं बघत उभा.

गंगूमावशीनं डोळे बारीक केले. "थांब रं. म्हंजे पानी दोन हात वर हाय म्हनतोस?"

"लिहिलं होतं त्याच्या दोन हात वर, मावशी."

"मंग माझी बादली पान्याला कावून लागंना?"

 तिचं पाणी वर आलेलं नव्हतं. मी म्हणालो, "मावशी, पाणी कमीच आहे. ते लबाडी न करता सांगायचंय, एवढंच."

 मग तिनं कॅन खाली ठेवला. "आजचं मोजलंस का?"

तू गेल्यानंतर एक सोमवार कोरा गेलाय, अक्का. तो तुझ्या वहीतला पहिला कोरा सोमवार.

आम्ही विहिरीवर गेलो. बऱ्याच बायका मागून आल्या, काही आल्या नाहीत. दोर तिथंच खुंटीला होता. जुन्या खाचेपासून मोजायचं तर नव्या कठड्यावर पोट टेकवून, अर्धं अंग आत घालून वाकावं लागतं. मी वाकलो. खाली काळोख, गार वास, आणि लांब तळाशी एवढंसं आभाळ.  ओरडणारच होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी माझा सदरा मुठीत घट्ट धरला. वळून बघायची हिंमत नव्हती. एक क्षण, एकच क्षण, मी ती मूठ तुझी आहे असं धरून चाललो.

दोर सोडत गेलो. गडू पाण्याला लागला, आवाज आला. खाचेशी गाठ धरली, वर आलो, गाठी मोजल्या. सदरा सोडून गंगूमावशी बाजूला उभी होती, धापा टाकत. मी वही उघडली, तुझ्या लाल आकड्यांच्या खाली पेन नेलं, आणि पेन चालेना. तिथं तुझं अक्षर संपत होतं.

"सोळा हात," मी म्हणालो. कुणाला म्हणालो, कोण जाणे.

 मग गंगूमावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि दम घेऊन, डेअरीवर तुझ्यापुढं बोलायची तशी, मोठ्यानं बोलली, "सोळा हात."

आणि म्हणाली, "हां. लिही."